नगरच्या निजामशाहीचा किनारा

अहमदनगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, समुद्र नाही. नगर म्हटलं की भुईकोट किल्ला, चांदबिबी, साखर कारखाने, शिर्डी, शिंगणापूर आणि पाचवीला पुजलेला दुष्काळ एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण ज्या राज्याने हे शहर वसवलं आणि त्याला नाव दिलं, त्या निजामशाहीला समुद्र होता. चौल, रेवदंडा, कोर्लई, दंडा-राजपुरी आणि जंजिरा ही सगळी ठाणी आज रायगड जिल्ह्याच्या अलिबाग आणि मुरूड तालुक्यांत मोडतात. सोळाव्या शतकात त्यांचा हिशेब सीना नदीकाठच्या दरबारात मांडला जाई. हा किनारा नसता, तर नगरची निजामशाही शे-दीडशे वर्षं टिकली नसती. तरीही नगरचा इतिहास सांगताना आपण घाटमाथ्यापाशी थांबतो. पुढची पन्नास-साठ मैलांची उतरण मात्र राहूनच जाते.

मुरूड आणि राजपुरी ही या किनाऱ्यावरची मासेमारीची गावं. पाठीशी फणसाडचं घनदाट जंगल, पुढे खाडी, खाडीच्या तोंडाशी खडकावर उभा जंजिरा. पर्यटक इथे सुट्टी घालवायला येतात, होडीत बसून किल्ला पाहतात, काशीदच्या वाळूवर संध्याकाळ काढतात आणि परततात. या गावांचा आणि नगरचा धागा मात्र फारसा कोणी सांगत नाही.

घोड्यांची वाट

सुरुवात करावी लागते ती एका रशियन व्यापाऱ्यापासून. त्वेर गावचा अफनासी निकितिन १४६९च्या सुमारास होर्मुझहून गलबतात बसला आणि चौलच्या बंदरात उतरला. बरोबर विकायला आणलेला एक घोडा होता. चौलहून तो घाट चढून जुन्नरला पोहोचला, तो ऐन पावसाळ्यात. जुन्नरच्या सुभेदाराने, असदखानाने, त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल, असं बजावलं. एका खुरासाणी माणसाने मध्यस्थी केली, तेव्हा कुठे निकितिनला धर्मही राखता आला आणि घोडाही परत मिळाला. आज रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे.

या प्रसंगात दख्खनच्या राजकारणाचं सारं गमक आहे. दख्खनमध्ये लढाईच्या जातीचे घोडे पुरेसे पैदा होत नसत. अरबस्तान आणि इराणमधून ते समुद्रमार्गे यायचे आणि चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत उतरायचे. घोडा ज्याच्या हाती, त्याच्या हाती फौज. आणि बंदर ज्याच्या हाती, त्याच्या हाती घोडा. म्हणून बहमनी राज्यात जुन्नरच्या सुभ्याला एवढं महत्त्व होतं. वर सह्याद्रीचे किल्ले, खाली कोकणची बंदरं, आणि दोन्हींना जोडणारे घाट जुन्नरच्या ताब्यात.

निकितिन येऊन गेला त्यानंतर काही वर्षांनी जुन्नरला एक तरुण सुभेदार आला, मलिक अहमद. त्याचे वडील मलिक नायब निजाम-उल-मुल्क हे बहमनी दरबारातले वजीर. हे घराणं मूळचं पाथरीच्या ब्राह्मणाचं, अशी परंपरा आहे. मलिक अहमदने जीवधन, लोहगड, तुंग, तिकोना, माहुली असे किल्ले एकेक करत घेतले आणि मग कोकणात उतरून दंडा-राजपुरीला वेढा घातला. हा वेढा चालू असतानाच बिदरला वडिलांचा खून झाल्याची बातमी आली, असं फिरिश्ता लिहितो. फिरिश्त्याचं बालपण नगरच्याच दरबारात गेलं होतं. पुढे तो विजापूरला गेला आणि तिथे त्याने दख्खनच्या सुलतानांचा इतिहास लिहिला. त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आहे.

अहमद वेढा उठवून जुन्नरला परतला. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ त्याने बहमनी फौजेचा धुव्वा उडवला, स्वतंत्र राज्य जाहीर केलं आणि दंडा-राजपुरीही घेतली. त्यानंतर १४९४मध्ये सीनेच्या काठी नवं शहर वसवायला घेतलं. हा क्रम नीट पाहा. राजधानीचा पाया घातला जाण्याआधी या राज्याने समुद्रकिनारा मिळवला होता.

मेढेकोट

दंडा-राजपुरीच्या खाडीची वस्ती मात्र निजामशाहीहून कितीतरी जुनी. खाडीच्या आतल्या अंगाला मांदाड आहे. त्याच्याजवळ डोंगरात कुड्याची २६ बौद्ध लेणी कोरलेली आहेत. त्यांतल्या शिलालेखांत महाभोज घराण्याबरोबर वैद्याचं, फुलमाळा विकणाऱ्याचं, लोखंडाच्या व्यापाऱ्याचंही दान नोंदलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथे व्यापारी पेठ होती, याचा हा दगडावरचा पुरावा.

खाडीच्या तोंडावर कोळ्यांची वस्ती होती. समुद्रावरचे लुटारू येत, होड्या नेत, घरं जाळत. म्हणून कोळ्यांचा नाईक राम पाटील याने खडकाच्या बेटावर लाकडी मेढेकोट उभारला. जाडजूड ओंडके शेजारी शेजारी रोवून केलेली ती तटबंदी. ओंडके आले ते मागच्या डोंगरातल्या जंगलातून. म्हणजे आज दगडी तटाने ओळखला जाणारा जंजिरा आधी लाकडाचा होता, आणि तो कोळ्यांनी आपल्या बायकापोरांच्या जिवासाठी बांधला होता.

राम पाटील पुढे निजामशाहीच्या ठाणेदाराला जुमानेनासा झाला. तेव्हा त्याचा काटा काढायची कामगिरी पेरीमखान नावाच्या सरदारावर सोपवली गेली. पुढची हकीकत परंपरेने चालत आली आहे. समोरून चाल करून मेढेकोट पडणार नाही, हे पेरीमखानाने ओळखलं. तो सुरतेकडचा व्यापारी बनून आला, खडकाजवळ गलबत नांगरलं आणि राम पाटलाला दारूची पिंपं नजर केली. पाटील खूश झाला. मग आपला माल रात्रीपुरता कोटात ठेवू द्या, अशी विनंती पेरीमखानाने केली. पिंपं आत गेली. कोळी दारूच्या अंमलाखाली असताना पिंपांतून हत्यारबंद माणसं बाहेर पडली. कत्तल झाली आणि बेट निजामशाहीच्या हाती गेलं.

या कथेतली पिंपं कितपत खरी, हा प्रश्न इतिहासकारांनी सोडवावा. त्यातला गाभा मात्र खरा आहे. घाटावरच्या सत्तेने कोळ्यांच्या हातून त्यांचं बेट काढून घेतलं. पुढे सोळाव्या शतकात लाकडाच्या जागी दगडी तट उभा राहू लागला. सतराव्या शतकाच्या शेवटी आणि अठराव्याच्या सुरुवातीला सिद्द्यांनी, म्हणजे पुढे इथे रुजलेल्या हबशी सरदारांनी, तो आजच्या रूपाला आणला.

चौलचं बंदर

जंजिरा हे पहाऱ्याचं ठाणं. पैसा यायचा तो चौलमधून. इथे रेशमी कापड विणलं जाई; मसाला, अफू, कापूस बाहेर जाई आणि घोडे, तांबं, सोनं आत येई. नगरच्या दरबारातले इराणी विद्वान, तुर्की तोफची, हबशी सरदार हे सगळे समुद्र ओलांडून दख्खनमध्ये आलेले होते. मलिक-ए-मैदान ही जगप्रसिद्ध तोफ १५४९मध्ये नगरला ओतली गेली. ती ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी हा रूमचा, म्हणजे तुर्की मुलखाचा कारागीर. सुमारे ५५ टनांची ही तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. पंचधातूंचं ओतकाम आणि तोफेचा बारूद यांचं ज्ञान इथे आलं ते अशा परदेशी उस्तादांच्या हातांतून.

याच बंदरात पोर्तुगीजांना हिंदी महासागरातला पहिला मोठा मार बसला. १५०८च्या मार्चमध्ये इजिप्तच्या मामलुकांचं आरमार अमीर हुसेनच्या नेतृत्वाखाली चौलच्या खाडीत शिरलं. दीवचा सुभेदार मलिक अयाझ मदतीला आला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा या लढाईत मारला गेला. दुसऱ्याच वर्षी बापाने दीवजवळ त्याचा सूड घेतला आणि हिंदी महासागराचा तोल पोर्तुगीजांकडे झुकला.

अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशाह व्यवहार जाणणारा होता. पोर्तुगीजांशी भांडून बंदर बंद पाडण्यापेक्षा त्यांच्याशी करार केलेला बरा, असं त्याने ठरवलं. १५२१मध्ये त्याने चौलच्या खालच्या अंगाला, आजच्या रेवदंड्याला, किल्ला बांधू दिला; बदल्यात घोडे चौलला उतरवण्याची हमी घेतली. तिथून एक खाडी आणि दोन चौलं झाली. वरचं चौल निजामशाहीचं, खालचं पोर्तुगीजांचं. गोव्याचा प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ऑर्ता याच बुऱ्हाणवर उपचार करी. हिंदुस्थानी औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यात नगरच्या निजामाचे उल्लेख आहेत.

पन्नास वर्षांनी ही घडी विस्कटली. तालिकोटच्या विजयानंतर दख्खनच्या सुलतानांना वाटू लागलं, की आता फिरंग्यांनाही समुद्रात ढकलता येईल. १५७०च्या अखेरीला विजापूरचा अली आदिलशाह गोव्यावर आणि नगरचा मुर्तजा निजामशाह चौलवर चालून गेला. कालिकतचा झामोरीनही या आघाडीत होता. मुर्तजाची फौज फार मोठी होती, तोफा होत्या, हत्ती होते. रेवदंड्याच्या तटाबाहेरच्या वाड्या, मठ, बागा यांच्यासाठी महिनोन्महिने एकेका घराची लढाई झाली. जमिनीवरून वेढा पक्का होता, पण समुद्र मोकळा राहिला. गोव्याहून दाणागोटा, दारूगोळा आणि माणसं येत राहिली. निजामशाहीकडे ती वाट अडवील असं आरमार नव्हतं. शिवाय वेढ्यातल्या फरहादखान, इखलासखान अशा सरदारांना पोर्तुगीजांनी नजराण्यांनी आणि उंची दारूने वश केलं, असं फिरिश्ता सांगतो. १५७१च्या पावसाळ्याच्या तोंडाशी वेढा ढिला पडला आणि पुढे तह झाला.

नगरच्या इतिहासातला हा मोठा धडा आहे. घाटावर अजिंक्य ठरलेली फौज किनाऱ्यावर हरली, कारण बंदर होतं पण आरमार नव्हतं. १५९४मध्ये दुसऱ्या बुऱ्हाणने खाडीच्या पलीकडे कोर्लईच्या डोंगरावर तोफा चढवून पुन्हा प्रयत्न केला. पोर्तुगीजांनी तो डोंगरही जिंकला. त्यानंतर पुढच्याच वर्षी मोगल नगरच्या दाराशी आले आणि चांदबिबीचं पर्व सुरू झालं.

आज रेवदंड्याच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांतून चालताना अध्येमध्ये या लढाईच्या भिंती भेटतात. सातखणी नावाचा चर्चचा उंच मनोरा दुरून दिसतो. कुंडलिकेच्या पुलावरून पलीकडे गेलं की कोर्लई लागतं. तिथले कॅथलिक गावकरी आजही घरात पोर्तुगीजमधून घडलेली एक स्वतंत्र बोली बोलतात. एका वेढ्यातून आणि एका तहातून उरलेली अशी जिवंत भाषा महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

हबशी आणि सिद्दी

समुद्रावरून घोडे आले तशी माणसंही विकायला आली. इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलामांच्या बाजारांतून हातोहात फिरत दख्खनला पोहोचला आणि नगरचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. तोच पुढचा मलिक अंबर. १६००मध्ये नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तरी अंबरने निजामशाहीचा वारस गादीवर बसवून राज्य आणखी पाव शतक जिवंत ठेवलं. जमीनमहसुलाची पद्धत बसवली, खडकी शहर वसवलं, गनिमी काव्याने जहांगीरच्या फौजांना जेरीस आणलं. १६२६मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

अंबरला किनाऱ्याचं मोल पुरतं कळलं होतं. याच काळात जंजिऱ्याची जहागीर हबशी सरदारांकडे पक्की झाली आणि तिथे सिद्द्यांचं घराणं रुजलं. १६३६मध्ये मोगल आणि आदिलशाही यांनी निजामशाही वाटून घेतली. शहाजीराजांनी माहुलीला शेवटचा प्रतिकार केला, पण त्यांनाही शरण जावं लागलं. कोकणपट्टी विजापूरकडे गेली. नगरचा किनारा कायमचा गेला, तो इथे. सिद्दी मात्र राहिले. ज्या राज्याने त्यांना बेटावर आणून बसवलं, ते बुडाल्यावरही सिद्दी ३०० वर्षांहून अधिक काळ जंजिऱ्यावर राज्य करत होते.

पद्मदुर्ग आणि लाय पाटील

निजामशाहीने न शिकलेला धडा शिवाजी महाराजांनी शिकला. त्यांनी कोकण घेतलं, तसं लगेच आरमार उभारलं. दंडा-राजपुरीचं जमिनीवरचं ठाणं त्यांच्या हाती आलं, पण जंजिरा पडेना. १६७१च्या होळीच्या रात्री सिद्दी कासीम आणि सिद्दी खैरियत यांनी अचानक हल्ला करून दंडा-राजपुरी परत घेतली. दारूच्या कोठाराचा स्फोट झाला. त्या धमाक्याने महाराज दूर मुक्कामावर दचकून जागे झाले आणि दंडा-राजपुरीवर काहीतरी अरिष्ट आलं, असं म्हणाले, अशी आठवण नोंदली गेली आहे.

मग महाराजांनी जंजिऱ्याच्या वायव्येला, मुरूडसमोरच्या कासा बेटावर पद्मदुर्ग बांधायला घेतला. सिद्द्याच्या तोफांच्या टप्प्याजवळ, भरसमुद्रात. या कामाला रसद पोहोचली नाही म्हणून प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला त्यांनी १६७५च्या जानेवारीत लिहिलेलं कडक पत्र प्रसिद्ध आहे. कामात कसूर केली, तर ब्राह्मण म्हणून गय होणार नाही, हा त्यातला सूर.

या किल्ल्याची एक गोष्ट अगदी जवळ जाऊन पाहण्यासारखी आहे. पडकोटाच्या भिंतीतले दगड साडेतीनशे वर्षांच्या लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेले आहेत, पण दगडांच्या मधला चुना जसाच्या तसा उभा आहे. भिंतीवर बोट फिरवलं की दगडाच्या जागी खळगा लागतो आणि चुन्याची कड बोटाला टोचते. ज्या गवंड्यांनी तो चुना मळला, त्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. त्यांचं काम मात्र दगडाहून टिकाऊ ठरलं.

१६७६मध्ये मोरोपंत पिंगळे जंजिऱ्यावर चालून गेले, तेव्हा पुढे आला तो लाय पाटील, एक कोळी. रात्रीच्या काळोखात त्याने आपल्या माणसांसह होड्या तटाला लावल्या आणि शिड्या चढवून सज्ज ठेवल्या. मोरोपंतांची कुमक वेळेवर पोहोचली नाही. उजाडायला आलं, तेव्हा शिड्या काढून तो परतला. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. आम्हा दर्यावरच्या माणसांना पालखीचा काय उपयोग, म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला. तेव्हा महाराजांनी त्याला गलबत दिलं, त्याचं नाव पालखी ठेवलं आणि सरपाटीलकीचा मान दिला, असं परंपरा सांगते. दोनशे वर्षांपूर्वी राम पाटलाकडून हिरावलेल्या तटाला पुन्हा हात लावला, तो कोळ्यानेच.

१६८२मध्ये संभाजीराजांनी किनारा आणि बेट यांच्या मधल्या पाण्यात भराव टाकून सेतू बांधायला घेतला. कल्याणकडे मोगल फौज उतरल्यामुळे त्यांना ते काम अर्धवट सोडावं लागलं. पेशवाईत बाजीराव आणि चिमाजी अप्पांनी सिद्द्याचा बराच मुलूख घेतला. १७३६मध्ये सिद्द्यांचा सरदार सिद्दी सात मारला गेला. तरी बेट पडलं नाही. पुढे इंग्रजी अमलात जंजिरा हे संस्थान राहिलं, मुरूड ही त्याची राजधानी झाली, आणि १९४८मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झालं.

आजचं मुरूड

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. तट समोर दिसत असतो, पण दरवाजा कुठेच दिसत नाही. होडी अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या बेचक्यातून महादरवाजा एकदम उघडा होतो. खलाशी लाटेचा अंदाज घेत होडी पायऱ्यांना लावतो, माणसांना हात देऊन उतरवतो. दारातच पंजांत हत्ती दाबून धरलेल्या वाघाचं शिल्प आहे. आत १९ बुरूज, कलालबांगडी तोफ आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. संस्थान विलीन झाल्यावर इथली वस्ती हळूहळू किनाऱ्यावर हलली. किनाऱ्यावर, राजपुरीपासून जवळच, खोकरीला सिद्दी सिरुलखान, याकूतखान आणि खैरियतखान यांचे दगडी मकबरे आहेत. तिकडे फारसे पर्यटक फिरकत नाहीत. तिथे जरूर जावं.

मुरूड, राजपुरी, एकदरा इथल्या कोळ्यांचं जगणं आजही भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालतं. समुद्रात रोवलेल्या खुंटांना डोल बांधायची. हे मोठ्या तोंडाचं, मागे निमुळतं होत गेलेलं जाळं. पाण्याची ओढ सुरू झाली की मासे आपोआप आत ढकलले जातात आणि ओढ थांबली की डोल उपसायची. उधाणाला मासळी जास्त, भांगाला कमी. बोंबील, जवळा, मांदेली, कोळंबी येते. बोंबील एकमेकांच्या जबड्यांत अडकवून दोरीवर वाळत घातले जातात. तांडेलाने हाक दिली की खलाशी निघाले. मासळी धक्क्याला लागली की पुढचा सारा कारभार बायकांच्या हाती. त्याच लिलाव करतात, त्याच टोपल्या भरतात, त्याच बाजार गाठतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन नवा हंगाम सुरू होतो.

आणि मागे जंगल. होडी साग-ऐनाच्या लाकडाची, सुकट वाळवायच्या बांबूंपासून चुलीतल्या सरपणापर्यंत सगळं डोंगरातून आलेलं. समुद्रावर सत्ता हवी तर जंगल राखलं पाहिजे, हे मराठ्यांना पक्कं ठाऊक होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग आणि इतर झाडं हुकुमाने तोडावीत, आंबा-फणसासारखी रयतेने लावून वाढवलेली झाडं मात्र तोडू नयेत, एखादं झाड जीर्ण झालं असेल तर तेवढंच मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं, असा स्पष्ट नियम आहे. मुरूडच्या पाठीशी असलेलं केसोलीचं जंगल जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांनी शिकारीसाठी राखलं. हेतू शिकारीचा होता, पण त्यामुळे झाडं वाचली. १९८६मध्ये हेच जंगल फणसाड अभयारण्य झालं, ५० चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराचं.

सुपेगावहून आत शिरलं की ऐन, किंजळ, अंजनी, जांभूळ यांच्या सावलीत ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही. गारंबीचे अजस्र वेल झाडाझाडांवरून लोंबतात. त्यांच्या शेंगा हातभर लांब असतात. जंगलातल्या नैसर्गिक पाणवठ्यांना इथले लोक गाण म्हणतात. उन्हाळ्यात बिबट्या, सांबर, भेकर, शेकरू सगळे याच गाणींवर येतात. समुद्रापासून काही किलोमीटरांवर असं सदाहरित वळणाचं जंगल टिकून आहे, ही रायगड जिल्ह्याची आणि सबंध महाराष्ट्राची मोठी ठेव आहे. गाणींत पाणी टिकलं तर गावांच्या विहिरींत पाणी राहतं. डोंगराची माती जागच्या जागी राहिली तर खाडी गाळाने भरत नाही आणि खाडी जगली तर मासळी जगते. म्हणून फणसाडचं रक्षण हा केवळ वनखात्याचा प्रश्न नाही, राजपुरीच्या कोळ्याच्या जाळ्याचाही आहे.

नगरकरांनी का जावं

नगरहून पुण्यावरून ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे मुरूड गाठता येतं; किंवा अलिबागकडून चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद करत किनाऱ्याकिनाऱ्याने राजपुरीपर्यंत जाता येतं. मी दुसरा रस्ता सुचवीन, कारण नगरच्या इतिहासातली सगळी ठाणी त्याच वाटेवर लागतात: आधी चौलचं बंदर, मग रेवदंड्याचा वेढा, मग कोर्लईचा डोंगर आणि शेवटी जंजिऱ्याचा तट. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. म्हणून दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत जावं आणि त्यात एक सकाळ फणसाडसाठी राखून ठेवावी.

नगर जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली शिवनेरीला जातात, रायगडला जातात, आणि जायलाच हव्यात. त्यांत चौल-राजपुरीची एक सहल जोडली, तर मुलांना कळेल की आपल्या शहराची उभारणी घाटाखालून आलेल्या घोड्यांवर, परदेशी कारागिरांच्या हातांवर, विकत आणलेल्या हबशी मुलांच्या कर्तृत्वावर आणि हुसकावलेल्या कोळ्यांच्या बेटावर झाली आहे. भिंगारच्या माळावर राज्य जिंकलं गेलं, पण ते पोसलं बंदराने. हा अर्धा इतिहास नगरच्या पाठ्यपुस्तकांत, वस्तुसंग्रहालयात आणि किल्ल्यावरच्या फलकांवर आला पाहिजे. तो येईपर्यंत प्रत्येक नगरकराने एकदा तरी आपला हा किनारा स्वतः जाऊन पाहावा, आणि जाताना मुलांना बरोबर न्यावं.